नैराश्याच्या गोळ्या तिसऱ्या आठवड्यात का सुटतात? गावातल्या घरानं उपचार कसा तडीस न्यावा

गावातल्या माणसांसोबत जिल्ह्याच्या मानसोपचार ओपीडीत मी बऱ्याच खेपा केल्या आहेत. पहिल्यांदा दवाखान्यात नेणं अवघड, हे खरंच. पण उपचार मोडतो तो त्यानंतर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मळमळ होते, फरक दिसत नाही, तेवढ्यात कापसाची वेचणी लागते आणि शेजारचं कोणी म्हणतं, "काहाले खातं ह्या येड्याच्या गोळ्या." पाकीट खुंटीवरच्या पिशवीत जातं. सहा महिन्यांनी तोच माणूस आणखी खचलेला असतो आणि घरचे सांगतात, "इलाज करून पाहिला, लागू नाही पडला."

इलाज पुरा झालेलाच नसतो. म्हणून कोणत्या क्रमानं काय करायचं, ते इथं लिहितो आहे.

थांबा, आधी हे पाहा. माणूस मरणाचं बोलत असेल, निरवानिरव करत असेल, दोन-तीन दिवस अन्नपाणी सोडून बसला असेल, कानात आवाज येतात म्हणत असेल, तर पुढचे टप्पे वाचत बसू नका. त्याला एकटं सोडू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्या, रात्र असली तरी.

## १. थकवा की आजार, हे ठरवा

पीक गेलं, माणूस रडला, चार दिवस धड जेवला नाही, हे दुःख आहे. आजार ओळखायचा तो मुदतीवरून आणि रोजच्या कामावरून. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा आवडीच्या गोष्टीतही जीव लागत नसेल, आणि जोडीला झोप, भूक, ताकद, लक्ष, स्वतःबद्दलचं मत यांतलं बरंच काही बिघडलं असेल, तर तपासणी हवीच.

आपल्याकडे कोणी "मी निराश आहे" असं म्हणत नाही. "डोकं भनभनते", "जीव घाबरते", "हातपाय गळाले", "करमत नाही", असं म्हणतात. बायका कंबर, डोकं आणि छातीतली धडधड सांगतात. पुरुष चिडतात, दारू वाढवतात, वावरात जाणं टाळतात, पहाटे तीनला उठून ओसरीत बसतात. या तक्रारींवर सलाईन आणि ताकदीचं इंजेक्शन देणारा गावोगावी सापडतो. सलाईननं दोन दिवस बरं वाटतं आणि महिना वाया जातो.

आशाताईंच्या तपासणी फॉर्ममध्ये यासाठी दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती दिवस झालं, आणि उदास, हताश किती दिवस वाटलं. तेच प्रश्न घरातल्या माणसानं शांतपणे विचारले तरी चालतात.

एक प्रश्न मात्र घरचे हमखास टाळतात: "मरून जावं असं मनात येते का?" विचारल्यानं तसं मनात भरतं ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेकांना बोलायला वाट मिळते. "असं काही बोलू नको, लेकरांकडे पाहा" म्हणून दटावलं की माणूस बोलणं बंद करतो, विचार बंद होत नाही.

तपासा: कधी काळी याच्या उलटंही झालं होतं का? रात्र-रात्र झोप नाही तरी थकवा नाही, अखंड बडबड, पैशांची उधळण, मोठमोठे बेत. असं आठवत असेल तर कागदावर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगा. त्या आजाराला बायपोलर म्हणतात, त्याचा इलाज वेगळा असतो. नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो.

## २. दवाखान्याच्याही आधी फवारणीचं औषध घराबाहेर काढा

आपल्या बोलीत "औषध" म्हणजे फवारणीचंही औषध. "त्यानं औषध घेतलं" याचा अर्थ गावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणून या घरात एक नियम करा: आजाराची ती "गोळी", आणि औषध हा शब्द फक्त फवारणीसाठी.

मरणाचा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला हाताशी विष नसेल तर माणूस वाचतो. म्हणून हे काम डॉक्टरच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी करा.

कीटकनाशक, तणनाशक, उंदराचं औषध, सगळं भावाच्या किंवा विश्वासू शेजाऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. पलंगाखाली, धान्याच्या कोठीमागे किंवा वावरातल्या कोठ्यात "लपवलेलं" चालत नाही. ज्यानं वर्षानुवर्षं फवारणी केली त्याला सगळ्या जागा ठाऊक असतात. अर्ध्या उरलेल्या बाटल्याही विसरू नका. त्या वर्षी फवारणी दुसऱ्यानं करावी. आजाऱ्याच्या गोळ्याही त्याच्याजवळ ठेवायच्या नाहीत. आठवड्यापुरत्या काढून बाकीच्या घरातल्या एकानं सांभाळायच्या.

विषबाधा झालीच तर: मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावू नका, त्यानं विष फुफ्फुसात जाऊ शकतं. कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवा, पण आपल्या हातांना लागू देऊ नका. १०८ बोलवा. बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या, कारण कोणतं विष आहे यावर इलाज ठरतो. पोलीस केसच्या भीतीनं तास घालवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा करत नाहीत. दवाखाना पोलिसांना कळवतो आणि जबाब होतो, इतकंच.

## ३. निघण्याआधीची तयारी

मानसोपचार ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ थोडा. तयारी करून गेलं तर त्या थोड्या वेळातही काम होतं.

एक वही घ्या. पहिल्या पानावर चार गोष्टी: त्रास कधीपासून, झोप-भूक कशी, आधी कोणत्या गोळ्या झाल्या, घरात कोणाला असा त्रास किंवा आत्महत्या झाली होती का. दारू, खर्रा (तंबाखू-सुपारी) किती, तेही खरं लिहा. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, मेडिकलवरून नुसत्या मागून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांसकट.

सोबत कोण जाणार ते आधी ठरवा. ज्याच्याशी आजाऱ्याचं पटतं आणि जो पहिल्या सहा आठवड्यांतल्या तिन्ही खेपांना येऊ शकतो असा एकच माणूस. दर वेळी वेगळा माणूस गेला की दर वेळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. सुनेला न्यायचं असेल तर सासरचं कोणी सोबत असलं तरी डॉक्टरांशी तिला एकटीनं बोलू द्या. मामाजी, म्हणजे सासरे, शेजारच्या खुर्चीवर बसलेले असताना ती घरातलं काय सांगणार?

खर्चाचा अंदाज घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. तरी मजुरीचा दिवस बुडतो. तो धरून तिन्ही खेपांचे पैसे आधीच बाजूला काढा. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत तिसरी खेप चुकली ती केवळ त्या दिवशी हातात दोनशे रुपये नव्हते म्हणून.

## ४. कुठं जायचं

सगळ्यात जवळचं दार फोनचं आहे. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. रेंज येत नसेल तर टेकाडावर किंवा गच्चीवर जाऊन करा, पण करा. घरचा माणूसही आपल्या काळजीसाठी फोन करू शकतो, आजाऱ्यानंच केला पाहिजे असं नाही.

दुसरं दार उपकेंद्राचं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचं. तिथं रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची विचारपूस होते किंवा पुढं चिठ्ठी मिळते. थायरॉईड कमी पडणं, रक्त कमी असणं, यांनीही माणूस असाच मरगळतो. त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

तिसरं दार जिल्हा सामान्य रुग्णालयाचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तिथं मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता यांची सोय असते. काही ग्रामीण रुग्णालयांत हे पथक ठरलेल्या दिवशी येतं. तो दिवस आशाताईंना विचारून घ्या. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आरोग्य विभागाचा प्रेरणा प्रकल्प आहे, त्याबद्दलही त्यांनाच विचारा.

आजार जास्त असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय: नागपूरला मेडिकल कॉलेज, मेयो आणि एम्स, वर्ध्याकडं सेवाग्राम आणि सावंगी, शिवाय यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय महाविद्यालयं. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की घरचे बिचकतात. तिथंही बाह्यरुग्ण विभाग आहे. तपासून, गोळ्या घेऊन माणूस संध्याकाळी घरी येतो.

देवऋषी, बाबा, दर्गा यांबद्दल. घरातल्या वडीलधाऱ्यांशी यावरून भांडू नका, भांडणात उपचारच मागं पडतो. अंगारा लावायचा तर लावा, गोळी मात्र चुकवायची नाही, एवढी अट घाला. पण साखळीनं बांधणं, चटके, मार, उपाशी ठेवणं यातलं काही तिथं होत असेल तर माणसाला लगेच उचलून आणा. मानसिक आजाराच्या माणसाला साखळीनं बांधायला कायद्यानं बंदी आहे.

## ५. डॉक्टरांसमोर

वही पुढं ठेवा. आजाऱ्याला आधी बोलू द्या, मग सोबतच्यानं भर घालावी. निघण्यापूर्वी पाच गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या:

- मूळ आजाराची गोळी कोणती आणि झोपेची कोणती?
- कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर?
- पहिल्या दिवसांत काय त्रास होऊ शकतो आणि कोणत्या त्रासाला लगेच यायचं?
- पुढची तारीख कोणती?
- बोलण्याचा उपचार, म्हणजे समुपदेशन, इथं कोणत्या दिवशी मिळतं?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. सुरुवातीला बऱ्याचदा दोन गोळ्या मिळतात. एक मूळ गोळी, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन यांसारखी, जिचा गुण सावकाश येतो. दुसरी झोपेची किंवा घबराटीची, क्लोनाझेपामसारखी, जी त्याच रात्री काम करते आणि थोड्याच दिवसांसाठी दिलेली असते. घरी काय होतं? जिनं लगेच झोप आली ती "चांगली", जिनं मळमळ झाली ती "बेकार". मूळ गोळी सुटते आणि झोपेची मेडिकलवरून महिनोन्‌महिने चालू राहते. झोपेच्या गोळीची सवय लागते आणि आजार जिथल्या तिथं राहतो. पाकिटावर मार्करनं लिहून ठेवा: "मूळ" आणि "झोपेची, अमुक तारखेपर्यंत".

गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर आधीच सांगा. त्या काळातही चालतील अशा गोळ्या असतात, पण निवड डॉक्टरांची.

## ६. पहिले सहा आठवडे

इथंच उपचार मोडतो, म्हणून इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या.

पहिला आणि दुसरा आठवडा. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, अस्वस्थपणा, झोप कमी किंवा जास्त. बहुतेकांचा हा त्रास आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. पोटात अन्न असताना गोळी घेतली तर मळमळ कमी होते. त्रास होतो पण गुण नाही, असे हे दिवस. घरच्यांनी हे आधीच सांगून ठेवलं असेल तर आजारी माणूस घाबरत नाही. "पेरलं म्हणजे दुसऱ्या दिवशी उगवत नाही" एवढं वाक्य आमच्याकडे पुरतं.

सावध: याच दिवसांत, विशेषतः २५ वर्षांखालच्या मुलामुलींत, बेचैनी आणि मरणाचे विचार वाढू शकतात. कधी अंगात ताकद आधी येते आणि मन नंतर सावरतं. या काळात माणसाला एकटं ठेवू नका. बेचैनी सहन होण्यापलीकडे गेली तर गोळी आपल्या मनानं बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा १४४१६ ला फोन करा.

तिसरा आणि चौथा आठवडा. पहिला फरक आजाऱ्याला जाणवत नाही, घरच्यांना दिसतो. न सांगता आंघोळ केली, बैलांना चारा टाकला, नातवाला हाक मारली. हे वहीत लिहा. तो म्हणेल "काही फरक नाही", तेव्हा वही उघडून दाखवा. दुसरी खेप याच सुमारास येते. गोळ्या संपायच्या पाच दिवस आधी निघा. संपल्यावर जायचं म्हटलं की बाजार, लग्न, पाऊस, काहीतरी आडवं येतंच.

पाचवा आणि सहावा आठवडा. गोळीचा गुण खरा कळायची वेळ. गुण कमी वाटला तर डॉक्टर मात्रा वाढवतील किंवा गोळी बदलतील. पहिली गोळी लागू न पडणं नेहमीचं आहे, त्याचा अर्थ आजार बरा न होणारा असा नाही. ही तिसरी खेप. आजाऱ्यानं स्वतः गेलंच पाहिजे. नुसता केसपेपर पाठवून गोळ्या मागवू नका.

या काळातल्या नेहमीच्या चुका:

दारू बंद नाही केली तर गोळी हरते. एकदम जमत नसेल, रोजची दारू असेल, तर डॉक्टरांना सांगा. रोज पिणाऱ्यानं अचानक सोडली तर थरथर, झटके येऊ शकतात, त्यावरही इलाज आहे.

अंग दुखलं की मेडिकलवरून दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन घेणं. यांतल्या काही गोळ्या नैराश्याच्या गोळीसोबत पोटात रक्तस्राव वाढवू शकतात, आणि ट्रामाडोलसारखी तर जास्तच धोक्याची. काहीही नवीन घेताना चालू गोळ्यांचं पाकीट दाखवा.

एक दिवस चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेणं. तसं करू नका, नेहमीच्या वेळी एकच घ्या.

मोठे निर्णय. याच काळात माणूस म्हणतो, वावर विकून टाकू, बैल काढून टाकू. कर्जाची चिंता खरी असते, पण आजारात माणसाला फक्त अंधारच दिसतो. विक्री, वाटणी, सोडचिठ्ठी, सगळं दोन-तीन महिने पुढं ढकला. बँकेचे, सोसायटीचे कागद मात्र घरातल्या दुसऱ्यानं हाती घ्यावेत. "कर्ज फिटलं की आपोआप बरा होईल" म्हणून उपचार थांबवणं आणि "गोळी चालू आहे ना" म्हणून कर्जाचं कामच न करणं, दोन्हींनी घर बुडतं. दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवावी लागतात.

## ७. बोलणं आणि हातपाय हलवणं

हलका आणि मध्यम आजार कधी कधी गोळीशिवाय, नुसत्या समुपदेशनानंही बरा होतो. जास्त असेल तर दोन्ही लागतात. समुपदेशन म्हणजे उपदेश नाही. त्यात अडचण लहान तुकड्यांत मांडून एकेक सोडवायला शिकवतात आणि थांबलेली कामं परत सुरू करून देतात. साधारण सहा ते आठ भेटी लागतात.

घरी करण्यासारखा भाग असा: मन लागल्यावर काम करू, अशी वाट पाहायची नाही. आधी काम, मन मागून येतं. पहिल्या आठवड्यात एवढंच: सकाळी ठरल्या वेळी उठणं, तोंड धुणं, ओसरीत येऊन चहा. पुढच्या आठवड्यात वावराच्या धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) चक्कर. मग एखाद्याशी चार शब्द. बाईमाणसाचं उलट असतं. तिच्यावर कामाचा डोंगर आधीच असतो, तिला काम लावायचं नाही, काढून घ्यायचं. पाणी भरणं आणि रात्रीचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी घ्या, आणि तिला बचत गटाच्या बैठकीला किंवा माहेरी जाऊ द्या.

काय बोलायचं? "तुला काय कमी आहे?", "मन घट्ट कर", "आळस सोड", हे बोलू नका. "मी आहे इथं. आज काय जड गेलं?" एवढं पुरे. गप्प शेजारी बसणंही चालतं.

शॉकच्या उपचाराची भीती बऱ्याच जणांना असते. अन्नपाणी सोडलेल्या, सतत मरणाकडं ओढ असलेल्या माणसाला तो लवकर सावरतो. कायद्यानं तो भूल देऊनच करावा लागतो. डॉक्टरांनी सुचवला तर विचारून घ्या, पळून येऊ नका.

## ८. बरं वाटल्यावर

बरं वाटल्यावर लोक गोळी सोडतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पडतात. पहिलाच आजार असेल तर बरं वाटायला लागल्यापासून साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी लागते. आजार परत परत येत असेल तर दोन वर्षं किंवा अधिक. थांबवायची ती डॉक्टरांच्या सांगण्यानं, मात्रा हळूहळू कमी करत. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके जाणवतात. लोकांना वाटतं गोळीची सवय लागली. तसं नसतं, शरीराला थोडा वेळ हवा असतो.

गोळ्या थांबायच्या आधी वहीच्या शेवटच्या पानावर आजाऱ्याला स्वतःच्या हातानं एक यादी लिहायला लावा: मागच्या वेळी सगळ्यात आधी काय बिघडलं होतं? कोणाची पहाटेची झोप उडते, कोणी दाढी करणं सोडतो, कोणी फोन उचलत नाही. त्याखाली, यातल्या दोन गोष्टी आठवडाभर दिसल्या तर कोणाला सांगायचं आणि कोणत्या दवाखान्यात जायचं, तेही लिहा. ते पान मोबाईलमध्ये फोटो काढून सोबतच्या माणसाकडे ठेवा. पेरणीचे दिवस, फवारणीचे दिवस आणि ज्या महिन्यात घरात कोणी गेलं तो महिना, या तीन वेळी पान उघडून बघा. फवारणीचं औषध शेजाऱ्याकडेच राहू द्या.